आपत्तीतला वाटा कोणाचा, किती?

26 जुलै 2005 रोजी मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच 24 तासांत त्याच शहराच्या दक्षिण टोकाला, कुलाब्यात, पडला 73 मिलिमीटर. हे सगळे हवामान बदलामुळे झाले का, असे त्या आठवड्यात कोणी विचारले असते, तर बहुतेक हवामानशास्त्रज्ञांनी ठरलेले उत्तर दिले असते: अनेक वर्षांचा कल दाखवता येतो, एका घटनेबद्दल काही सांगता येत नाही.

गेल्या वीस वर्षांत हे उत्तर मागे पडले आहे. आता उष्णतेची एखादी लाट किंवा अतिवृष्टी ओसरल्यावर काही आठवड्यांतच तिच्यात तापलेल्या हवामानाचा वाटा किती, याचा अंदाज प्रसिद्ध होतो. कधी तो वाटा प्रचंड निघतो, कधी थोडा, आणि कधी शून्याच्या जवळ. आपल्याकडच्या सार्वजनिक चर्चेत मात्र अजून दोनच टोके दिसतात. एका बाजूला प्रत्येक आपत्तीचे खापर हवामान बदलावर फोडले जाते, दुसऱ्या बाजूला ‘पूर्वीही असा पाऊस व्हायचा’ म्हणून विषय मिटवला जातो. दोन्ही बाजू सोयीच्या आहेत, कारण दोन्हींत हिशेब द्यावा लागत नाही. हा हिशेब मांडणारे शास्त्र आज नेमके काय सांगते आणि कुठे थांबते, हे घटनेच्या प्रकारानुसार पाहायला हवे.

मोजणी कशी होते

या शास्त्राची सुरुवात एका पुराच्या काठावर झाली. जानेवारी 2003 मध्ये ऑक्सफर्डचे हवामानशास्त्रज्ञ माइल्स ॲलन यांच्या घराकडे थेम्स नदीचे पाणी चढत होते. या नुकसानीची जबाबदारी कधी कोणावर टाकता येईल का, असा प्रश्न त्यांनी ‘नेचर’मधल्या एका टिपणात विचारला. त्याच वर्षी युरोपात भीषण उन्हाळा आला. त्यात सुमारे 70 हजार माणसे दगावली, असे नंतरच्या अभ्यासातून पुढे आले. पीटर स्टॉट, डाइथी स्टोन आणि ॲलन यांनी 2004 मध्ये दाखवून दिले की मानवी प्रभावामुळे अशा उन्हाळ्याचा धोका निदान दुप्पट झाला होता. पुढे फ्रेडरिके ओटो आणि खेर्त यान फान ओल्डेनबोर्ख यांनी ‘वर्ल्ड वेदर ॲट्रिब्यूशन’ हा गट उभा केला आणि हे काम वेगाने, एका ठरावीक पद्धतीने होऊ लागले.

पद्धतीचा गाभा असा. आजच्या हवामानात अशी घटना किती वर्षांतून एकदा अपेक्षित आहे, हे नोंदी आणि संगणकीय प्रारूपे यांच्या आधारे काढायचे. मग हरितगृह वायू वाढलेच नसते तर पृथ्वीचे हवामान जसे असते, त्यात तीच घटना किती वर्षांतून एकदा घडली असती, हे काढायचे. दोन्हींची तुलना केली की दोन वेगळी उत्तरे मिळतात: घटनेची शक्यता किती पटींनी वाढली आणि तिची तीव्रता कितीने वाढली.

बातम्यांत या दोन उत्तरांची सर्रास गल्लत होते. 2022 च्या मार्च-एप्रिलमध्ये भारत आणि पाकिस्तानात आलेल्या उष्णतेच्या लाटेची शक्यता हवामान बदलामुळे सुमारे 30 पट वाढली, असा निष्कर्ष निघाला. तापमानातली वाढ मात्र जेमतेम एका अंशाची होती. यात विसंगती नाही. सरासरी थोडी सरकली की टोकाच्या, पूर्वी अगदी क्वचित येणाऱ्या दिवसांची संख्या कितीतरी पटींनी वाढते. कोणता आकडा पुढे करायचा, यावर ऐकणाऱ्याचा समज ठरतो. म्हणून दोन्ही एकत्र सांगावे लागतात.

उष्णता: सर्वांत ठाम उत्तर

टोकाच्या हवामानापैकी उष्णतेबद्दल शास्त्र सर्वाधिक खात्रीने बोलते. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदल समितीच्या (आयपीसीसी) 2021 च्या अहवालानुसार, औद्योगिक क्रांतीपूर्वी 50 वर्षांतून एकदा येणारी उष्णता पृथ्वी 1 अंशाने तापल्यावर सुमारे 4.8 पट वेळा येते. 2 अंशांवर ते प्रमाण जवळजवळ 14 पट होते. जून 2021 मध्ये कॅनडातल्या लिटन या छोट्या गावात पारा 49.6 अंशांवर गेला आणि दुसऱ्याच दिवशी वणव्यात गाव जळून गेले. तापलेले हवामान नसते तर ही लाट जवळपास अशक्य होती, असा त्या घटनेबद्दलचा निर्वाळा आहे.

भारताचे चित्र मात्र जरा गुंतागुंतीचे आहे. 19 मे 2016 रोजी राजस्थानातल्या फलोदीत 51 अंश तापमान नोंदले गेले. त्या घटनेच्या अभ्यासात हवामान बदलाचा स्पष्ट ठसा सापडला नाही. याची दोन संभाव्य कारणे पुढे आली. हवेतले प्रदूषणाचे सूक्ष्म कण सूर्यप्रकाश अडवतात, आणि उत्तरेतल्या विस्तीर्ण सिंचनामुळे जमिनीतून बाष्पीभवन होऊन दिवसाचा पारा काहीसा खाली राहतो. म्हणजे उत्तर भारतात तापमानवाढीचा काही भाग झाकला गेला आहे. श्वास घेण्याजोगी हवा मिळावी म्हणून प्रदूषण कमी करावेच लागेल. तेव्हा हा झाकलेला भाग उघडा पडेल.

सिंचनाने पारा खाली येतो, पण हवेतला दमटपणा वाढतो, आणि दमट उष्णता कोरड्या उष्णतेहून घातक असते, कारण घाम वाळत नाही. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरला उघड्या मैदानावर झालेल्या सरकारी पुरस्कार सोहळ्यात उष्माघाताने 14 जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी जवळच्या केंद्रावर पारा 38 अंशांच्या आसपास होता. चंद्रपूर, अकोला किंवा जळगावच्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. त्याच महिन्यातल्या भारत आणि बांगलादेशातल्या दमट उष्णतेच्या अभ्यासात तिची शक्यता हवामान बदलामुळे निदान 30 पट वाढल्याचे आढळले. नुसत्या पाऱ्याकडे पाहून इशारे देण्याची सवय किनारपट्टीवर का धोक्याची आहे, ते यातून कळते.

पाऊस: कमी दिवस, जास्त जोर

हवा 1 अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते. हा भौतिकशास्त्राचा जुना नियम आहे. अनुकूल परिस्थिती मिळाली की हे जास्तीचे बाष्प कमी वेळात कोसळते. 2017 मध्ये अमेरिकेत ह्यूस्टन बुडवणाऱ्या हार्वे वादळाचा पाऊस सुमारे 15 टक्क्यांनी, तर ऑक्टोबर 2024 मध्ये स्पेनच्या व्हॅलेन्सिया भागात झालेला पाऊस सुमारे 12 टक्क्यांनी वाढला होता, असे अंदाज आहेत.

मान्सूनच्या बाबतीत मात्र हा एक नियम पुरत नाही. भारतावरचा एकूण मान्सूनी पाऊस 1951 ते 2015 या काळात सुमारे 6 टक्क्यांनी घटला, असे केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाच्या 2020 च्या आढाव्यात नोंदवले आहे. प्रदूषणाच्या कणांमुळे जमीन अपेक्षेइतकी तापली नाही, हिंदी महासागर मात्र झपाट्याने तापला. मान्सून चालतो तो जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातल्या फरकावर; तोच फरक कमी झाला. 2002 नंतर पाऊस काहीसा सावरल्याचेही अभ्यासक सांगतात.

पण एकूण पाऊस घटत असतानाच त्याचा जोर वाढत गेला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे या विषयातले काम जगभर उद्धृत होते. बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये दाखवले की 1951 ते 2000 या काळात मध्य भारतात मुसळधार पावसाच्या घटना वाढल्या आणि मध्यम पावसाच्या घटल्या. दोन्ही कल एकमेकांना झाकत असल्यामुळे एकूण बेरजेत काहीच दिसत नव्हते. रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये आणखी पुढचा दुवा जोडला: 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. त्यांना बाष्प पुरवतो तो तापलेला अरबी समुद्र, आणि पश्चिमेकडून येणारे मान्सूनचे वारे आता पूर्वीपेक्षा जास्त चढउतार दाखवत, झोताझोताने ते आत आणतात.

मराठवाडा आणि विदर्भातल्या शेतकऱ्याला हा आलेख शास्त्रज्ञांच्या आधी कळलेला आहे. पेरणी झाली की पाऊस ओढ देतो. ऑगस्ट 2023 हा 1901 पासूनचा भारतातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्यामागे प्रशांत महासागर तापवणाऱ्या एल निनोचाही हात होता. आणि सोयाबीन काढणीला आले की एका रात्रीत शेताचे तळे होते. हंगामाची सरासरी गाठली जाते, कागदावर पाऊस ‘सामान्य’ दिसतो आणि पीक हातचे जाते. शासनाचा अतिवृष्टीचा निकष महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटर असा आहे. दोन तासांत पडलेले 60 मिलिमीटर त्यात बसत नाहीत, जरी माती त्यानेच वाहून गेली असली तरी.

वादळे: अरबी समुद्राची बदललेली प्रकृती

चक्रीवादळ तयार व्हायला समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण 26.5 अंशांच्या वर लागते. बंगालच्या उपसागराला याची कधीच कमतरता नव्हती. अरबी समुद्र त्या मानाने थंड आणि शांत समजला जाई. नोव्हेंबर 2009 मध्ये फयान वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा तो अपवाद वाटला. 3 जून 2020 रोजी निसर्ग वादळाने श्रीवर्धन-मुरूडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. पिढ्यान्‌पिढ्यांची बाग गेली की एका हंगामाच्या भरपाईने भागत नाही, नवी सुपारी उत्पन्नाला यायला वर्षे जातात. पुढच्याच वर्षी, मे 2021 मध्ये, तौक्ते किनाऱ्याला समांतर वर सरकले आणि मुंबईजवळच्या समुद्रात पी-305 हा तराफा बुडून अनेक कामगारांचा जीव गेला.

पुण्याच्याच संस्थेतल्या अभ्यासानुसार, 2001 ते 2019 या काळात अरबी समुद्रातल्या वादळांची संख्या त्याआधीच्या दोन दशकांच्या तुलनेत 52 टक्क्यांनी वाढली, अतितीव्र वादळांची त्याहून बरीच जास्त. त्याच वेळी बंगालच्या उपसागरातली वादळे किंचित घटली. जागतिक पातळीवर आयपीसीसीची भाषा यापेक्षा सावध आहे. वादळांची एकूण संख्या वाढली, असे ती म्हणत नाही. तीव्र वादळांचे प्रमाण वाढले असण्याची शक्यता आहे, असे ती म्हणते. विश्वासार्ह उपग्रह नोंदी गेल्या चार दशकांच्याच आहेत. इतक्या कमी काळातल्या मोजक्या वादळांवरून टक्केवारी काढली की एक-दोन वादळांनीही आकडा बराच हलतो. दोन गोष्टींबद्दल मात्र शंका नाही. समुद्र तापल्यामुळे वादळाला मिळणारी ऊर्जा आणि पाऊस वाढतो. आणि समुद्राची पातळी वाढल्यामुळे वादळासोबत येणारी लाट आधीपेक्षा उंचावरून सुरू होते.

दुष्काळ आणि गारपीट: इथे शास्त्र हात राखून बोलते

दुष्काळ ही एक घटना नसते. पाऊस कमी पडणे, माती लवकर वाळणे, भूजल उपसले जाणे आणि पाण्याचे वाटप चुकणे, या सगळ्यांची ती बेरीज असते. त्यामुळे उत्तरेही वेगवेगळी निघतात. मादागास्करच्या दक्षिणेत 2019 ते 2021 या काळात पडलेल्या दुष्काळात हवामान बदलाचा वाटा ठळक नाही, असे आढळले. पूर्व आफ्रिकेतल्या 2020 नंतरच्या दुष्काळात मात्र वाढत्या उष्णतेमुळे जमिनीतून आणि पिकांतून उडणारे पाणी निर्णायक ठरले. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्या टंचाईत 2015 च्या एल निनोचा वाटा होता आणि वाढत्या उष्णतेचाही काही असेल. पण कमी पावसाच्या भागात वाढलेला ऊस आणि खोल गेलेल्या विंधन विहिरी कोणत्याही जागतिक परिषदेच्या विषयपत्रिकेवर नव्हत्या, त्या आपल्याच धोरणांतून आल्या होत्या.

2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्याच्या मोठ्या भागाला गारपिटीने झोडपले. द्राक्षे, गहू, हरभरा, डाळिंब सगळे गेले. तेव्हापासून प्रत्येक अवकाळी पावसानंतर हवामान बदलाचे नाव घेतले जाते. गारपिटीबद्दल मात्र जगभरच्या नोंदी तुटपुंज्या आहेत आणि काही किलोमीटरचा ढग प्रारूपांत नीट पकडता येत नाही. त्यामुळे तिच्यातला वाटा आज खात्रीने मोजता येत नाही.

मोजणीच्या मर्यादा

या शास्त्राला लागणारी पहिली गोष्ट म्हणजे दीर्घ आणि स्वच्छ नोंदी. मे 2024 मध्ये दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्रावर 52.9 अंशांची नोंद झाली आणि देशभर मथळे झाले. नंतर संवेदकात सुमारे 3 अंशांचा दोष असल्याचे हवामान विभागाने जाहीर केले. डोंगराळ भागात तर पर्जन्यमापकच विरळ आहेत, आणि सांताक्रूझ-कुलाब्याच्या आकड्यांतली तफावत पाहिली की दोन मापकांच्या मधे काय हुकते, याची कल्पना येते.

दुसरी मर्यादा निवडीची. ज्या घटना गाजतात त्यांचाच अभ्यास होतो. हुकलेल्या आपत्त्या किंवा सौम्य झालेल्या थंडीच्या लाटा मागे राहतात. तिसरा मुद्दा पद्धतीवरच्या वादाचा आहे. केविन ट्रेनबर्थ आणि टेड शेफर्ड यांच्यासारख्या शास्त्रज्ञांचे म्हणणे असे की वाऱ्यांची रचना बदलली का, हे ठरवणे कठीण आहे, म्हणून ‘हे वादळ याच मार्गाने आले असे धरले, तर तापलेल्या समुद्राने त्यात किती भर घातली’ एवढेच विचारावे. पावसाच्या बाबतीत ही मांडणी अनेकदा जास्त उपयोगी पडते.

उरलेला वाटा

या शास्त्राचा सर्वांत मोठा उपयोग माझ्या मते वेगळाच आहे. हवामान बदलाचा वाटा मोजता आला की उरलेला वाटा उघडा पडतो.

डिसेंबर 2015 मध्ये चेन्नई बुडाली. त्या अतिवृष्टीच्या अभ्यासात मानवी प्रभावाचा ठसा आढळला नाही. तरीही शहर बुडाले, कारण पळ्ळीकरणैसारख्या पाणथळ जागांवर बांधकामे झाली होती आणि पाण्याच्या वाटा बुजल्या होत्या. सप्टेंबर 2023 मध्ये लिबियातल्या डेर्ना शहरावर कोसळलेला पाऊस हवामान बदलाने बराच वाढला असावा; पण हजारो माणसे मेली ती शहराच्या वरच्या अंगाला असलेली, नीट न राखलेली दोन धरणे फुटल्यामुळे. जुलै 2024 च्या वायनाडच्या दरडीआधीच्या पावसात वाटा सुमारे 10 टक्के निघाला.

10 टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण नुकसान पावसाच्या प्रमाणात वाढत नाही. पाणी काठाच्या आत असते तोवर सगळे ठीक असते. काठ ओलांडणारे शेवटचे काही सेंटिमीटरच घरात शिरतात. भिजून जड झालेला डोंगर त्या शेवटच्या जोरानेच सुटतो. त्यामुळे थोड्या वाढीला कमी लेखणे चूक आहे. मात्र हाच हिशेब उलटाही करून पाहावा. मुंबईच्या 944 मिलिमीटरमधून, निव्वळ मांडणीसाठी, 10 टक्के वजा केले तरी 850 उरतात. त्या वेळची जुनी गटारे ताशी 25 मिलिमीटर पावसासाठी बांधलेली होती. ती ताशी 50 मिलिमीटरपर्यंत वाढवण्याची ब्रिमस्टोवॅड योजना 1993 पासून कागदावर होती. मिठी नदीचे पात्र आवळले गेले होते, हे माधवराव चितळे यांच्या सत्यशोधन समितीने नोंदवले.

कोकणाची गोष्टही तीच. 22 जुलै 2021 च्या सुमारास घाटमाथ्यावर महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस झाला. चिपळूण वाशिष्ठीच्या पाण्याखाली गेले आणि महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली. 2014 मध्ये दरडीखाली गाडल्या गेलेल्या माळीण गावाने जो इशारा दिला होता, तो सात वर्षांनी खरा ठरला. आणखी दोन वर्षांनी, 19 जुलै 2023 च्या रात्री, इर्शाळवाडी गाडली गेली. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत तिचे नावच नव्हते.

या सगळ्यातून दोन जबाबदाऱ्या वेगळ्या होतात आणि त्या एकमेकींत मिसळू देता कामा नयेत. पहिली उत्सर्जन करणाऱ्या देशांची आणि उद्योगांची. 2022 मध्ये शर्म अल-शेखच्या परिषदेत हानी-भरपाईच्या निधीवर सहमती झाली आणि जुलै 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हवामानाबाबतच्या राष्ट्रांच्या कर्तव्यांवर सल्लागारी मत दिले. तिथे मोजलेला वाटा हाच पुरावा ठरणार आहे. फुगवलेला दावा तिथे टिकणार नाही. दुसरी जबाबदारी पालिकेची, पाटबंधारे खात्याची, नगररचनेची आणि आपत्ती व्यवस्थापनाची. अहमदाबादने 2010 च्या जीवघेण्या उन्हाळ्यानंतर 2013 मध्ये उष्णता कृती आराखडा आणला, तो जगाचे उत्सर्जन कमी होण्याची वाट न पाहता.

सर्वांत तातडीचे काम रटाळ आहे. पूल, सांडवे, गटारे, पूररेषा आणि दरडींच्या याद्या ‘100 वर्षांतून एकदा’ अशा हिशेबावर ठरतात, आणि तो हिशेब जुन्या नोंदींवर बेतलेला असतो. 50 वर्षांतली उष्णता दशकातून एकदा येऊ लागली असेल आणि 10 वर्षांतला पाऊस सात-आठ वर्षांत येत असेल, तर ही कोष्टके आजच कालबाह्य आहेत. ती दर दहा वर्षांनी नव्याने मांडून जाहीर करणे हे संशोधन संस्थांचे आणि शासनाचे काम आहे. ते झाले, तर पुढच्या अतिवृष्टीनंतर ‘अनपेक्षित’ म्हणून हात झटकणाऱ्या अधिकाऱ्यासमोर नागरिक दोन आकडे ठेवू शकेल: एक तापलेल्या हवामानाने घातलेल्या भरीचा, आणि दुसरा ज्या पावसासाठी गटार बांधले होते त्याचा.